पाहिलं, घेतलं नाही

हालिना,

तुझ्या फ्युनरलला मी फुलं आणली नाहीत, हे तुझ्या भाचीच्या नजरेतून सुटलं नाही. चर्चच्या दाराशी लिलींचा ढीग पडला होता, येणारा प्रत्येक जण त्यात भर घालत होता, आणि तुझी सगळ्यात जुनी मैत्रीण म्हणून जिची ओळख करून दिली ती बाई हात हलवत आली होती. बिचारी पोलंडहून धावतपळत आलेली, तिला मी काय समजावणार? माझ्या साठीला आलेल्या गुलाबांच्या गुच्छाकडे बघून तू विचारलं होतंस, "कुठे सापडले? कुणी तोडले? मुळं कुठायत?" तेव्हापासून गुच्छ दिसला की मला तुझा तो चौकशी करणारा चेहरा आठवतो. म्हणून रिकाम्या हातांनी उभी राहिले आणि मनात म्हटलं, हिला हेच आवडलं असतं.

तुला जाऊन जेमतेम दोन आठवडे होतायत. आज आमचे गणपती बसले. पूजा झाली, आरती झाली, माणसं जेवून आपापल्या घरी गेली. निखिल स्वयंपाकघरात भांडी घासतोय आणि मी कन्झर्व्हेटरीच्या काचेशी खुर्ची ओढून बसलेय, कारण तुला एक उत्तर द्यायचं राहिलंय. हॉस्पिटलमधल्या आपल्या शेवटच्या भेटीत तू म्हणालीस, "शैला, यंदा तिथल्या दूर्वा काढायच्या नाहीत. प्रॉमिस कर." आणि मी म्हटलं, "बघू."

तू डोळे मिटून हसलीस. "तुमचं हे 'बघू' म्हणजे हो की नाही, हे मला अजून कळलेलं नाही," म्हणालीस. ते मलाही कळलेलं नव्हतं. पुन्हा भेटलो की बोलू असं धरून मी तुझी उशी सारखी केली आणि निघाले, आणि पुन्हा भेट झालीच नाही. तर आज सकाळी मी काय केलं ते सांगते. पण आधी थोडं भांडून घेते. आपलं भांडण अर्धवट राहिलंय, आणि अर्धवट भांडण मला पचत नाही.

सुरुवात आमच्या आईंपासूनच करायला हवी. माझ्या सासूबाई सांगलीहून पहिल्यांदा साउथहॅम्प्टनला आल्या तेव्हा निखिल नर्सरीत होता. एप्रिल महिना. दुपारी त्या कॉमनच्या बागेत फिरायला गेल्या आणि झाडांखाली त्यांना हिरवीगार, बाणाच्या टोकासारखी पानंच पानं दिसली. "अगं, अळू! नुसता माजलाय, आणि कुणी हात लावत नाही. या लोकांना माहीतच नाही," असं म्हणत त्यांनी पिशवीभर पानं आणली, बेसन-चिंच-गुळाचं सारण लावून वळकट्या केल्या, उकडल्या, तळल्या. मी त्या दिवशी थिएटरमध्ये कुणालातरी भूल देत होते. खालून निरोप आला की तुमच्या मदर-इन-लॉना कॅज्युअल्टीत आणलंय. जाऊन बघते तर आई बेडवर ताठ बसलेल्या, ओठ सुजलेले, डोळ्यांतून धारा, आणि श्रीकांत, माझा नवरा, हातात स्टीलचा डबा घेऊन गुन्हेगारासारखा उभा.

"चिंच कमी पडली गं," आई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या.

कसली पानं खाल्ली हे कुणालाच सांगता येईना. श्रीकांत जीपी, मी भूलतज्ज्ञ, आणि दोघांनाही झाडातलं ओ की ठो कळत नाही. शेवटी तिथल्या डॉक्टरने युनिव्हर्सिटीच्या बॉटनी डिपार्टमेंटमध्ये कुणालातरी फोन केला आणि तू आलीस. पँटच्या पायाला सायकलच्या क्लिपा, गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेलं भिंग. पेशंटकडे बघितलंही नाहीस. डबा मागितलास, एक अळूवडी काढून ट्रेमध्ये ठेवलीस आणि चिमट्याने तिची एकेक गुंडाळी इतक्या निगुतीने सोडवलीस की आई सूज विसरून बघत राहिल्या. पानाच्या शिरा भिंगातून पाहिल्यास. "ॲरम," म्हणालीस. "घसा जळेल, दुखेल, मग उतरेल. किती खाल्ल्या?"

"एकच. दुसरी तोंडात घातली आणि वाटलं, काहीतरी चुकलंय," श्रीकांतने भाषांतर केलं.

मग तू पहिल्यांदा आईंकडे वळलीस. "त्यांना सांगा, नजर चांगली आहे. घराणं बरोबर ओळखलं. फक्त बेट चुकलं."

हे ऐकून आई अशा खुलल्या की काय सांगू. "बघ! म्हणजे नात्यातलाच निघाला की नाही? शहाणी आहे ही बाई. हिला गणपतीला बोलव." घसा सुजलेल्या माणसाने दिलेलं आमंत्रण मी गंभीरपणे घेतलं नव्हतं. तू घेतलंस.

त्या वर्षी आई गणपती होईपर्यंत राहिल्या. तू आलीस, बूट काढलेस, देव्हाऱ्यापुढे गुडघे टेकलेस आणि खाली वाकलीस. श्रीकांत माझ्या कानात म्हणाला, "बघ, कसा मनोभावे नमस्कार करतेय." तू वाकलेलीच. मग माझ्या लक्षात आलं, तुझ्या डोळ्याला भिंग लागलंय.

"हे काय आहे?" तू विचारलंस.

"दूर्वा. गणपतीला एकवीस वाहतात."

"हे दूर्वा नाही. दूर्वा म्हणजे सायनोडॉन, मी वाचून आलेय. हे लोलियम आहे. रायग्रास. तुमच्या मागच्या लॉनमधलं."

भरल्या घरात, पाहुण्यांसमोर! मला असा राग आला म्हणून सांगू. मी म्हटलं, "इथे दूर्वा मिळत नाहीत. गणपती चालवून घेतो."

"तो घेत असेल," तू शांतपणे म्हणालीस. "मी नाही घेत."

आईंना मात्र तुझा तो खडूसपणा भयंकर आवडला. त्यांनी तुला शेजारी बसवून घेतलं आणि माझ्यामार्फत समजावलं, की अगं, आमच्यात सोय आहे. पूजेत जे नसेल त्याच्या जागी अक्षता वाहायच्या. वस्त्र नाही, अक्षता. दागिना नाही, अक्षता. तू तळहातावर ते कुंकवाने माखलेले तांदूळ घेऊन बराच वेळ बघितलेस. "मग सगळंच सोडून नुसते तांदूळ का वाहत नाही?" असं विचारलंस. आई खो खो हसल्या. त्यांनी ताटातला एक मोदक जास्तीचा उचलून तुझ्या पानात टाकला, पण उत्तर काही दिलं नाही.

ते उत्तर मी पुढे कितीतरी वर्षं देत राहिले आणि तू खोडत राहिलीस. तू मला तुमच्या डिपार्टमेंटच्या तळघरातली कपाटं दाखवायला नेलंस तो दिवस आठवतो. कपाटांतून वाळवलेल्या झाडांचे कागद, कागदांवर तुझ्या बारीक अक्षरातल्या चिठ्ठ्या. एक फोल्डर उघडलंस तर आत कोरा कागद. कोपऱ्यात झाडाचं नाव, जागा, आणि खाली दोनच वाक्यं. पाहिलं. घेतलं नाही.

"का नाही घेतलं?"

"तिथे ते एवढंसंच होतं. मी घेतलं असतं तर राहिलं नसतं."

"मग दुसरीकडचं आणून लावायचं की इथे."

तू माझ्याकडे असं बघितलंस जणू मी पेशंटच्या जागी त्याचा भाऊ टेबलावर घ्यायला सांगितलंय. "दुसरीकडचं म्हणजे दुसरं," म्हणालीस. "नसेल त्याची जागा रिकामी ठेवायची, शैला. रिकामी ठेवली तरच कळतं की तिथे काहीतरी होतं." मी म्हटलं, आम्ही रिकाम्या जागेला घाबरतो, म्हणून तांदूळ टाकतो. तू म्हणालीस, ते तुमच्या पूजेत. इथे नाही. मग तुझ्या फ्लास्कमधली ती पातळ लिंबाची चहा नावाची गोष्ट आपण प्यायलो आणि विषय तिथेच राहिला.

रायग्रासचा अपमान मात्र तू स्वतःवर घेतलास. जहाजांतून, धान्याच्या पोत्यांतून, लोकरीच्या गासड्यांतून कुठकुठल्या बिया या बंदरात पडतात आणि त्यातल्या कुठल्या रुजतात, हे शोधण्यात तुझं आयुष्य गेलं. लोक क्रूझवर जायला डॉक्सकडे जात आणि तू त्यांच्या टॅक्सींच्या मधे फुटपाथच्या कडेशी उकिडवी बसलेली असायचीस. दूर्वा उबदार जागी, वाळूत, भिंतीच्या आडोशाला सापडेल असं तू म्हणत होतीस. दोन उन्हाळे तू मलाही फिरवलंस. ऑन-कॉल संपवून आलेली मी, डोळ्यांवर झोप, आणि तू म्हणतेस, "हे बघ, हे ऑस्ट्रेलियाहून मेंढीच्या पाठीवर बसून आलं." माझ्या डोक्यात मेंढीच फिरायची.

आणि एका ऑगस्टमध्ये तू फोन केलास. "ये," एवढंच. डॉक्सजवळच्या बसस्टॉपमागे, जुन्या रेल्वे साइडिंगच्या कडेला, दक्षिणेकडे तोंड करून उभ्या असलेल्या विटांच्या भिंतीखाली खडी होती, आणि त्या खडीवर चादरीएवढी दूर्वा पसरलेली होती. खरी. तुरेसुद्धा आलेले, कोंबडीच्या पायासारखे. मी वाकून एक काडी बोटांत धरली आणि मला भडभडून आलं. सांगलीला आमच्या अंगणात ती पायाखाली असायची, कधी लक्ष देऊन बघितली नव्हती. तू मला रडू दिलंस. मग म्हणालीस, "तोडू नकोस."

"अगं, गणपतीसाठीच तर शोधली ना?"

तेव्हा तू तुझा नियम सांगितलास. विसात एक. तुमच्या क्षेत्रातली समंजस माणसं पाळतात तो. वीस असतील तर एक घ्यायचं. विसाच्या आत असतील तर हात लावायचा नाही. मी मनातल्या मनात हिशोब केला आणि तिथेच खडीत बसून हसायला लागले. एकवीस दूर्वा हव्यात तर तिथे चारशेवीस असायला हव्यात! आमच्याकडे चारशेवीस कशाला म्हणतात ते तुला सांगितल्यावर तूही हसलीस, पण नियम सोडला नाहीस. खिशातून तारेची चौकट काढलीस, खडीवर ठेवून आतले कोंब मोजलेस, चादरभर गुणलेस, आणि जाहीर केलंस की चारशेवीसच्या वर आहेत, गणपतीला परवानगी आहे. त्या वर्षी मी पंचा नेसलेल्या कुठल्याही गुरुजींकडून घेतला नसता एवढा आशीर्वाद तुझ्याकडून घेतला.

पुढे तो आपला रिवाजच झाला. चतुर्थीच्या सकाळी तू आणि मी, बसस्टॉपमागे. आधी चौकट, मग परवानगी, मग तू कात्रीने एकेक कोंब कापायचीस, कारण माझं खुडणं तुला पसंत नव्हतं. ओल्या टिश्यूत गुंडाळून सँडविचच्या डब्यात. बसमधल्या लोकांना वाटायचं आपण काहीतरी खातोय. कुंडीत लावायचा हट्ट मी दोनदा केला, आणि दोन्ही वेळा हिवाळ्याने ती नेली. तू "मी सांगितलं होतं" असं म्हणाली नाहीस. भिंतीची ऊब कुंडीला कुठून मिळणार, एवढंच म्हणालीस.

तुझ्याकडून मी काय घेतलं हे सांगायला बसले तर रात्र होईल. तू माझ्याकडून काय घेतलंस? एक तर वर्तमानपत्रं. भावाची पार्सलं सांगलीहून यायची, त्यात भडंग आणि हळद कमी आणि चुरगळलेले पेपर जास्त. तू एकदा तो कागद चोळून बघितलास आणि म्हणालीस, हा ओल छान शोषतो, टाकू नकोस. तेव्हापासून साउथहॅम्प्टन बंदरातलं रानगवत सांगलीच्या पाणीटंचाईच्या बातम्यांमध्ये वाळत आलंय. कधी कधी तू बोट ठेवून विचारायचीस, "या माणसाचं काय झालं?" मी वाचून सांगायची की तो नगरपालिकेत निवडून आला. "बरं झालं," म्हणायचीस, आणि त्याच्या तोंडावर एक तेरडा ठेवून वर फळी दाबायचीस.

आणि आमच्या मराठी मंडळातल्या लोकांची खोड मोडलीस ती वेगळी. दिवाळीच्या कार्यक्रमात तुला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. अध्यक्षांनी भाषणात सांगितलं, की आपणही या मॅडमच्या झाडांसारखेच, परक्या मातीत रुजलेलो. टाळ्या झाल्या. तू माइक घेतलास आणि म्हणालीस, "झाडं येत नाहीत. त्यांना कुणीतरी आणतं, बहुतेक चुकून. मी स्वतः आले. तिकीट काढून." मागून कुणीतरी, "अहो, मीपण तिकीट काढूनच आलो!" म्हणून ओरडला. त्यानंतरच्या टाळ्या खऱ्या होत्या. पण मला माहीत होतं की तू एका वर्षासाठी आली होतीस आणि मग तिकडे लष्करी कायदा लागून तुझ्या देशाची दारं मागून बंद झाली होती. तेवढ्यात तुझी आई गेली आणि तुला जाता आलं नाही. हे तू एकदाच, भांडी पुसता पुसता सांगितलं होतंस. मी पुढे काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं की नको होतं, हे आता कुणाला विचारू?

श्रीकांत गेला त्या वर्षी आम्ही गणपती आणले नाहीत. वर्षाच्या आत सण करत नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी आलं नाही. तुला कुणी सांगितलंच नव्हतं. चतुर्थीला सकाळी बेल वाजली आणि दारात तू, हातात सँडविचचा डबा. मी बसस्टॉपवर आले नाही म्हणून तू एकटीनेच चौकट टाकलीस, मोजलंस, कापलंस आणि आलीस. मी तुला सांगितलं की यंदा नाही. तू डबा बघितलास, मला बघितलंस, आणि पहिल्यांदाच तुला काय करावं ते सुचलं नाही. कापलेलं परत लावता येत नाही. मग आपण त्या एकवीस काड्या पाण्याच्या ग्लासात घालून खिडकीत ठेवल्या. तू दिवसभर बसलीस. दुपारी तू खिचडी केलीस आणि ती इतकी वाईट झाली होती की मी कितीतरी दिवसांनी हसले. त्या दुपारसाठी मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आज मानते.

त्याच डिसेंबरात तू मला चोवीस तारखेच्या, नाताळच्या आदल्या संध्याकाळच्या जेवणाला बोलावलंस. दरवर्षीच बोलवायचीस, पण श्रीकांत बरोबर असला की तो बीटाच्या सुपावर इतके विनोद करायचा की माझं टेबलाकडे कधी नीट लक्ष गेलं नव्हतं. त्या वर्षी गेलं. आपण दोघीच, आणि टेबलावर ताटं तीन. पांढऱ्या टेबलक्लॉथवर तिसरं ताट, काटा, चमचा, ग्लास, सगळं जागच्या जागी, आणि समोर कुणी नाही.

"कोण यायचंय?" मी विचारलं.

"कुणी नाही. आमच्यात एक जास्तीचं मांडतात. कुणी वाटसरू आला तर. किंवा जो येऊ शकत नाही त्याचं."

"मग वाढायचं नाही त्यात?"

"नाही. ते रिकामंच असतं."

मला ते सहन होईना. समोर बसून मी जेवत होते आणि त्या कोऱ्या ताटाकडे बघत होते. माझ्या हाताला सवय, काहीतरी टाकावंसं वाटत होतं त्यात, एखादा घास, चिमूटभर मीठ तरी. मी हात पुढे केलासुद्धा. तू माझं मनगट धरलंस. "राहू दे, शैला," म्हणालीस. "ते भरायचं नसतं." घरी येताना मला तुझा राग आला होता. असं कसं उघडं ठेवायचं? आमच्याकडे तेराव्याला गोड करून माणसं आपलं दुःख झाकतात, ते काय चुकीचं आहे? याच्यावर आपण पुढे बोललोच नाही. मी पुढच्या वर्षी आले, त्याच्या पुढच्या वर्षीही आले, ते ताट तिथे असायचं आणि आपण दोघी त्याच्या आजूबाजूने बोलायचो. सगळ्यात मोठं भांडण ते, आणि तेच केलं नाही.

यंदा जूनमध्ये तू फोन केलास तो आवाज मी विसरणार नाही. बसस्टॉपमागे केबलसाठी चर खणला होता. भिंतीला लागून, सरळ आपल्या चादरीतून. मी गाडीने तुला नेलं. तोवर तुला काठीशिवाय चालवत नव्हतं, आणि धाप लागायची तिचं कारण आपल्या दोघींनाही माहीत होतं. चर बुजवला होता, वर काळं डांबर, आणि कडेला खडीत इथे एक, तिथे दोन, असे कोंब. तू चौकट काढली नाहीस, तिची गरजच नव्हती. बोटाने मोजलेस. "एकोणीस," म्हणालीस.

"येतील गं परत," मी म्हटलं. "दूर्वा आहे ती, चिवट असते."

"येतील. कुणी हात लावला नाही तर."

तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस आणि मी दुसरीकडे बघितलं.

तुझं बरोबर होतं हे मला कळत होतं, हालिना. पण तू चाललीस हेही कळत होतं. हॉस्पिटलमध्ये आयुष्य काढलेल्या बाईपासून ते लपत नाही. आणि मला वाटत होतं, निदान या वर्षी, तुझ्या जागेवरच्या, तुझ्या दूर्वा पूजेत असाव्यात. तू नसलीस तर त्या तरी. म्हणून "बघू" म्हटलं. मंडळातल्या बायका म्हणाल्या, "अगं, एकवीस नाहीत तर पाच वाहा, पाच काड्यांनी काय होतंय?" निखिलचा लंडनमधल्या हॅरोहून फोन आला, "आई, इथल्या शॉपमध्ये पॅकेट मिळते दूर्वाचं, इंडियातून येतं, फ्रेश. मी घेऊन येतो ना, तू स्ट्रेस नको घेऊ." मी नको म्हटलं. इतकी वर्षं ज्या जागेच्या वाहिल्या, त्या जागेच्या नसतील तर विमानाने आलेल्या मला नको होत्या. बघ, दुसरीकडचं म्हणजे दुसरं, हे मी कधी बोलायला लागले ते मलाच कळलं नाही.

आज सकाळी मी गेले. कात्री घेतली होती, सँडविचचा डबाही घेतला होता, ओला टिश्यू घालून. मनाशी ठरवलं काहीच नव्हतं. बसस्टॉपवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, त्यांनी मला ओळखलेलं दिसलं. "तुमची मैत्रीण कुठाय?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी टोपी काढली आणि म्हणाले, "त्यांनी मला एकदा या गवतावर पाय ठेवल्याबद्दल झापलं होतं."

मी भिंतीपाशी वाकले. गुडघे तुझ्यापेक्षा बरे आहेत माझे, पण फार नाहीत. मोजले. वाढलेत, हालिना. पंचवीस-सव्वीस तरी असतील, एक तर डांबराच्या कडेवरून वाट काढत आलाय. म्हणजे तुझ्या नियमाने एक घ्यायला हरकत नव्हती. एकच. मी कात्री उघडली. तो एक कोंब बोटांत धरला, सांगलीच्या अंगणातल्यासारखाच, आणि मला वाटलं, तुझी परवानगी आहे. चौकट टाकून, गुणाकार करून तू नक्की म्हणाली असतीस, घे. आणि मग लक्षात आलं की हे सगळं मीच मला सांगतेय. तू "काढायच्या नाहीत" म्हणाली होतीस. विसात एक असं नव्हतीस म्हणाली. मी कात्री मिटली. डबा रिकामा घेऊन बसमध्ये बसले.

पूजेला निखिल बसला. दूर्वा वाहायची वेळ आली तेव्हा गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. मी अक्षतांची वाटी पुढे केली. "दूर्वार्थे अक्षतान् समर्पयामि," ते म्हणाले आणि निखिलने चिमूटभर तांदूळ वाहिले. झालं. गणपतीने चालवून घेतलं, नेहमीसारखं. आईंनी ज्या प्रश्नाचं उत्तर मोदक देऊन टाळलं होतं, ते मला आज मिळालं. अक्षता कशासाठी असतात? एखादी गोष्ट जिथे आहे तिथे तिला राहू देता यावं म्हणून. तेवढ्यापुरतं मी जिंकले असं धर.

मग पानं मांडली. मांडताना माझ्या हातून एक जास्तीचं मांडलं गेलं. देव्हाऱ्याच्या उजव्या बाजूला, भिंतीला टेकून, तुझी नेहमीची खुर्ची, कारण तुला खाली बसून जेवता यायचं नाही, आणि तिच्यापुढे छोट्या टेबलावर ताट, वाटी, फुलपात्र. वाढपाला निखिल निघाला, ते ताट बघून थांबला. "आई, हे कोणाचं प्लेट आहे? कुलकर्णी अंकलला इथे बसवू? ते पण खाली नाही बसू शकत."

"त्यांना दुसरी खुर्ची आण."

"बरं. मग यात काय वाढू?"

सवयीने माझा हात अक्षतांच्या वाटीकडे गेला होता. खरंच गेला होता. चार दाणे तरी, म्हणजे ताट अगदी कोरं दिसणार नाही. मग मला माझ्या मनगटावर तुझी बोटं जाणवली.

"काही नको," मी म्हटलं. "राहू दे ते तसंच."

दूर्वांच्या जागी तांदूळ चालले, हालिना. तुझ्या जागी नाही चालले.